बागेची मागची बाजू

बागेला मागून पक्की भिंत घाला, असं सगळ्यात मोठ्याने मीच ओरडले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जो भाव खाणार आहे तो तुम्ही बेताने घ्याल.

मी मूळची रोह्याची. लग्न होऊन पेणला आले ती गणपतीच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे भोंगा-बिंगा काही नाही. घरामागे पत्र्याची लांबलचक शेड, तिच्यात फळ्यांवर ओळीने बसलेले गणपती आणि त्यांच्यामधून अंग चोरून फिरणारी आम्ही माणसं. सासूबाईंनी पहिल्या वर्षी माझ्या हातात मातीचा गोळा दिला, तिसऱ्या वर्षी ब्रश दिला, आणि तेव्हापासून आमच्याकडच्या मूर्तींचे डोळे मी आखते. डोळे आखणाऱ्या माणसाचा हात स्थिर आणि डोकं शांत लागतं म्हणतात. हात माझा स्थिर आहे. डोक्याबद्दल घरच्यांना विचारा.

बाग आमच्या आळीपासून दोन मिनिटांवर. बाग म्हणायचं ते सवयीने. पाणी विसरलेलं एक कारंजं, साखळी एकाच बाजूला उरलेला झोपाळा, आणि तीन बाकं, त्यातल्या एकावर बसायचं तर आधी पलीकडच्या टोकाला कुणीतरी बसलेलं हवं. मागच्या भिंतीला भलंमोठं खिंडार पडलं होतं. पडूनही खूप वर्षं झाली होती. त्या खिंडारातून गुरं आत यायची. मी आमच्या महिला मंडळातर्फे हौसेने लावलेल्या बारा जास्वंदी एका दुपारी एका गाईने खाल्ल्या. फुलंच काय, खुंटसुद्धा ठेवला नाही. तेव्हापासून माझ्या तोंडात एकच शब्द, भिंत.

मग बागेची समिती झाली. अध्यक्ष म्हणून आमचे सर. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. अर्ध्या गावाला भूगोल त्यांनी शिकवलेला, त्यामुळे त्यांच्यासमोर पन्नाशीची माणसंही हात वर करून बोलतात. सरांचं म्हणणं साधं होतं. दरवर्षी एक बाक रंगवायचं आणि फोटो काढायचा, हे पुरे झालं. पुढच्या दहा वर्षांत बाग कशी व्हावी ते एकदा बसून ठरवू आणि मग दरवर्षी त्यातलं एक एक पुरं करू. सरांचं वय पंचाहत्तरच्या पुढे. दहा वर्षांचा आराखडा करायला या वयाला छाती लागते, आणि ती त्यांना आहे.

आराखडा काढायला पनवेलहून एक तरुण आर्किटेक्ट मुलगी यायला लागली. मुलगी हुशार, बोलायला गोड. तिने मोठा थोरला कागद टेबलावर पसरला. पहिल्या वर्षी संपूर्ण कुंपणभिंत, दुसऱ्या वर्षी चालायची वाट, तिसऱ्या वर्षी झाडं, असं करत दहाव्या वर्षापर्यंत सगळं रेखलेलं. आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिलं आणि माना डोलावल्या. कुणाला काही कळलं नव्हतं. झाडांच्या जागी गोल गोल, पायऱ्यांच्या जागी रेघा. आमच्या शेजारच्या काकांनी तर कारंज्याला विहीर समजून, विहिरीला कठडा कुठे आहे, असं विचारलं.

“हे मी मातीत करून दाखवते,” मी म्हटलं. कुणी मला विचारलं नव्हतं.

दिवस बरे होते. गणपती होऊन गेलेले, शेड रिकामी, शाडू शिल्लक. मी पाटासारखा प्लायवूडचा एक मोठा तुकडा घेतला, मुलीकडून मापं समजून घेतली आणि आठ दिवस बसले. पुढचं मोठं दार केलं, त्यावर कमान केली, कमानीवर वेलबुट्टी केली. कारंजं केलं, बाकं केली, बाकांवर गप्पा मारणाऱ्या दोन म्हाताऱ्या केल्या. झाडं अशी केली की आंबा कुठला आणि बकुळ कुठली ते आंधळ्यानेही हात लावून सांगावं. यजमान येताजाता म्हणायचे, “मोदक तेवढा ठेवायचा राहिलाय.” मी लक्ष दिलं नाही.

बैठकीत तो पाट टेबलावर ठेवला आणि सभागृहात एकदम कालवा झाला. जो तो बोट दाखवून बोलायला लागला. इथे सावली हवी, हे बाक तिकडे घ्या, झोपाळे दारापासून लांब ठेवा. महिनाभर जी माणसं कागदापुढे माना डोलावत होती ती आता भांडायला लागली, आणि सर खूश झाले, कारण भांडण म्हणजे कळलं. आर्किटेक्ट मुलीने चारी बाजूंनी नव्हे, पण पुढून तरी भरपूर फोटो काढले. ठरलं असं, की दिवाळीनंतरच्या बैठकीत सगळ्यांनी आराखड्यावर सह्या करायच्या. मी घरी आले ती हवेतच.

आता तिच्याबद्दल सांगायला हवं. बागेच्या मागे ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे आदिवासींची वाडी. त्या वाडीवरून आमच्या कारखान्यात एक बाई हंगामात माती मळायला आणि कच्च्या मूर्ती उन्हात नेऊन ठेवायला येते. वीस वर्षं येते आहे. माझ्यापेक्षा थोडी मोठी, अंगाने काटक, बोलणं मोजून मापून. हंगाम नसला की रानभाजी, खेकडे, लाकूडफाटा, जे मिळेल ते टोपलीत घालून बाजारात विकायला बसते. तिच्या घरातलं एकच माणूस कमावतं आणि ते म्हणजे ती. आमची ओळख मालकीण आणि कामवालीची असं म्हणायला मला आवडत नाही, पण मग काय होती ते मला त्या दिवसापर्यंत कुणी विचारलं नव्हतं.

माती वाळून तडकू नये म्हणून मी पाट शेडमध्ये ओल्या फडक्याखाली ठेवला होता. ती शिळ्या मातीचे गोळे फोडायला आली होती. मी मोठ्या ऐटीत फडकं काढलं. म्हटलं, बघ.

तिने पुढून पाहिलंच नाही. सरळ वळसा घालून मागे गेली. तिची कामाची सवयच ती. कच्ची मूर्ती उचलायची तर मागून आणि बुडातून धरायची, पुढे हात लावायचा नाही. वीस वर्षं आमचे गणपती तिने पाठीकडूनच पाहिलेले. ती मागे उभी राहिली, खाली वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.

“वैनी, हितून आमी कुठून यायचं?”

मी मागे जाऊन पाहिलं. आणि मला माझीच चूक दिसली, जी आमच्या धंद्यातलं माणूसच करील. आम्ही मूर्ती घडवतो ती समोरून बघण्यासाठी. सोंडेवर, हातांवर, दागिन्यांवर जीव ओततो. पाठ मखरात जाते, भिंतीला लागते. तिच्यावर ओला हात फिरवायचा, ती गुळगुळीत झाली की झालं. मी बागेचंही तेच केलं होतं. कमानीला वेलबुट्टी, आणि मागे आडवी सलग गुळगुळीत भिंत, ओल्या हाताने छान सारवलेली. भिंतीच्या पलीकडे दोन बोटांवर प्लायवूड संपत होतं. ओढा नव्हता. वाडी नव्हती.

“त्या खिंडारातून येता तुम्ही?” मी विचारलं. मूर्खासारखं विचारलं. वीस वर्षं ती सकाळी माझ्या दारात कुठून उगवते असं मला वाटत होतं कोण जाणे.

“मग काय उडून येताव? बागंतून धा मिनिटं लागतात. ही भित झाली की समदा वळसा मोठ्या रस्त्यानं. डोक्यावर वझं घेऊन पाऊण तास. त्या रस्त्याला माझ्या जावंचं काय झालं ते तुला ठावं हाय.”

ठाऊक होतं. ओढ्याला पूर आल्यावर त्या रस्त्याने जाताना तिच्या जावेला डंपरने धक्का दिला होता. बिचारी वाचली, पण तेव्हापासून काठी घेऊन चालते, खिंडारातल्या दगडांवरून तिला येता येईना आणि बाजार तिचा कायमचा सुटला. आता कमावणारी ही एकटी उरली. खिंडार बुजलं की हिचाही बाजार सुटणार होता, आणि बुजवायची घाई सगळ्या गावात मला होती.

मला इतकी लाज वाटली की मी तिच्यावरच उखडले. माझं हे असंच आहे. “महिनाभर गावात नुसतं भिंत भिंत चाललंय. आधी का नाही बोललीस?”

“कोनी इचारलं?” ती म्हणाली, आणि जाऊन गोळे फोडायला लागली.

भाऊबीजेला मी रोह्याला गेले. माझा भाऊ आता रोह्याला लागूनच वरशाला फ्लॅट घेऊन राहतो. कंपनीत फिटर आहे, त्या दिवशी त्याची दुसरी शिफ्ट होती म्हणून ओवाळणी सकाळीच उरकली. मी करंजी हातात धरून नुसती बसलेली पाहून त्याने विचारलं, की ताई, कुणाशी भांडून आलीस? मी सगळं सांगितलं. सह्या आठवड्यावर आल्यात, आता बोलले तर माणसं म्हणतील, काल भिंत पाहिजे म्हणत होती, आज नको म्हणते, हिचं काय खरं नाही.

तो म्हणाला, “ताई, आमच्याकडे नवी पाइपलाइन टाकायची असली ना, की ड्रॉइंग हातात घेऊन पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत पायी चालावं लागतं. मोठा इंजिनिअर असला तरी. चालल्याशिवाय सही नाय. कागदावर सगळं बसतं गो. चालायला लागलं की डोकं कुठं आपटतं ते कळतं. तुमच्या आराखड्यावर कोण चाललंय का?”

कुणीच चाललं नव्हतं. मी करंजी खाल्ली, आणखी दोन खाल्ल्या आणि दुपारच्या गाडीने पेणला परत आले. स्टेशनवरून घरी न जाता सरळ सरांकडे गेले. सरांना म्हटलं, सही करायच्या आधी समितीने एकदा चालायचं. सर म्हणाले, बागेत ना, जाऊ की. मी म्हटलं, बागेत नाही. वाडीपासून बाजारापर्यंत, खिंडार बुजलंय असं धरून, मोठ्या रस्त्याने. सकाळी नऊला.

समितीत अकरा जण होते, आले सहा. त्यात सर छत्री घेऊन, आर्किटेक्ट मुलगी बूट घालून आणि शेजारचे काका कुरकुरत. वाडीवरून ती टोपली घेऊन निघाली. तिला बाजार गाठायचा होता, आमच्यासाठी थांबायला तिला वेळ नव्हता. मला शहाणपण सुचलं, मी म्हटलं, टोपली मी घेते. तिने चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली, वर टोपली ठेवली आणि हसू दाबलं. मी विजेच्या तिसऱ्या खांबापर्यंत गेले. मानेतून कळ आली, टोपली कलंडली, अर्धी भाजी काकांच्या अंगावर. काका कुरकुरायचे थांबून वेचायला लागले.

मोठ्या रस्त्याला लागलो तसे सगळे एकामागे एक चालायला लागलो. रस्त्याला कड अशी नव्हतीच. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला डंपर. प्रत्येक डंपर गेला की अंगावर वारा यायचा आणि ती टोपलीसकट गटाराच्या काठावर एक पाय टाकून उभी राहायची, मग पुन्हा रस्त्यावर. हे ती इतकं सहज करत होती की ते बघून मला रडू आलं. एका वळणावर ती थांबून म्हणाली, “माझी जाऊ हितं पडली.” आणि पुढे चालू लागली. सर मात्र तिथेच उभे राहिले. चष्म्यावर धूळ बसली होती ती पुसायचंही त्यांना सुचेना.

“या गावाचा नकाशा मी फळ्यावर न बघता काढायचो,” ते मला म्हणाले. “पोरं टाळ्या वाजवायची. त्यात ही वाडी मी एकदाही काढली नाही.”

बाजारात पोचलो तेव्हा तिच्या नेहमीच्या जागेवर दुसरं कुणी बसलं होतं. तिने कोपरा धरला. आर्किटेक्ट मुलीने घड्याळ पाहिलं आणि आपल्या कागदावर, जिथे मागची भिंत होती, तिथे पेनाने मोठी फुली मारली.

पण गाईचं काय, हा प्रश्न उरलाच. खिंडार तसंच ठेवलं तर जी झाडं आम्ही लावणार ती सगळी पोटात जाणार, आणि साधं दार केलं तर ते उघडं टाकलं जाणार. मुलीने फिरतं लोखंडी फाटक सुचवलं, मोठ्या शहरांत बागांना असतं तसं. आम्ही तिघी शेडमध्ये बसलो होतो. ती, मी आणि मुलगी. तिने मुलीचं चित्र पाहिलं आणि मान हलवली. “टोपली अडकंल. लाकडाची मोळी तर जायाचीच नाय.”

“मग तुमच्या परसात गुरं कशी अडवता?” मुलीने विचारलं. त्या क्षणी ती मुलगी मला पोटच्या पोरीसारखी वाटली, कारण विचारलं तिने.

उत्तर म्हणून तिने जवळचा मातीचा गोळा ओढला. वीस वर्षं तिने टनांनी माती मळली असेल, पण स्वतःच्या हाताने काही घडवताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिने दोन छोट्या भिंती केल्या, कमरेइतक्याच उंच. एक पुढे, एक जरा मागे सरकवून, अशा की मधून जायचं तर एकदा डावीकडे वळायचं आणि लगेच उजवीकडे. मग चिमटीने एक बाई केली, डोक्यावर मोळी. मग गाय केली. गाय अशी केली की मी डोळे आखायला ब्रश शोधायला लागले.

बाई त्या वळणातून सहज गेली. भिंती कमरेपर्यंतच, त्यामुळे मोळी वरून सुटली. गाय शिरली, डोकं वळलं, पण धड वळेना. अडकली आणि मागे आली. मुलगी उठून टाळ्या वाजवायला लागली. मीही वाजवल्या. ती आम्हाला म्हणाली, “गुरांची कमर वळत नाय. यात काय मोठं?”

बैठकीला मी तिला आणि तिच्या जावेला घेऊन गेले. दोघींना पहिल्या रांगेत बसवलं, आणि त्या मागे जाऊ लागल्या तेव्हा हात धरून पुन्हा पुढे बसवलं. नवा पाट टेबलावर ठेवला. या खेपेला प्लायवूड मोठं घेतलं होतं. ओढा होता, ओढ्यावरचा साकव होता, वाडी होती, वाडीतली चिंच होती. पाट मी वाडीकडची बाजू लोकांकडे करून ठेवला. अध्यक्षांनी काही बोलायच्या आधी मीच उभी राहिले आणि सांगितलं, की भिंतीसाठी सगळ्यात जास्त मी बोंबलले, आणि मी चुकले. असं सभेत उभं राहून म्हणायची माझी पहिलीच वेळ. बोलून झाल्यावर बरं वाटलं.

आळीतले एक गृहस्थ उठले. मी महिनाभर जे बोलत होते तेच सगळं त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून ऐकवलं. गुरं येतील, चोऱ्या होतील, बागेची शिस्त जाईल. माझं डोकं तापायला लागलं होतं, पण मी तोंड उघडायच्या आधी ती उठली. टेबलापाशी गेली. मातीची बाई उचलली आणि वळणातून नेली. गाय उचलली आणि अडकवून दाखवली. मग तिने जावेला पुढे बोलावलं. जावेने आपली काठी टेबलाच्या आणि भिंतीच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून टेकत, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे चालून दाखवलं.

“आणि शेळ्या?” गृहस्थांनी शेवटचा बाण काढला. “शेळ्या येतीलच की यातून.”

“येतील,” ती म्हणाली. “पन आमच्या वाडीत शेळ्या नायत. त्या तुमच्या आळीतल्या हायत.”

एवढा हशा पिकला की गृहस्थ स्वतःही हसले, कारण दोन शेळ्या त्यांच्याच होत्या. पुढच्या अर्ध्या तासात आराखड्याचं पार रूपच पालटलं. पहिल्या वर्षीचं पहिलं काम म्हणून मागची वाट आली. दुसऱ्या वर्षी त्या वाटेवर एक उंच ओटा, डोक्यावरचं ओझं न वाकता टेकवता येईल असा. तो जावेने सुचवला. झाडांच्या यादीत मुलीने शोभेचे पाम घातले होते. वाडीवरच्या दोघींनी त्यांचं चित्र पाहून एवढंच म्हटलं, की याची सावली कुठं पडते? पाम गेले, करंज, जांभूळ आणि बकुळ आली. कुठलं झाड ओढ्याच्या ओलाव्याला टिकेल ते त्या सांगत होत्या आणि सर वहीत लिहून घेत होते, शाळेतल्या मुलासारखे. शेवटी सगळ्यांनी सह्या केल्या. समितीत वाडीच्या दोन जागा वाढवल्या गेल्या आणि त्या जागी दोघींचे अंगठे नव्हे, सह्या झाल्या. जावेला सही येते हे मला माहीत नव्हतं. मी खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवल्या. साठीच्या बाईने असं करू नये, असं माझ्या सुनेचं मत आहे. असू दे.

काम व्हायला उन्हाळा उजाडला. त्या चिऱ्याच्या दोन बुटक्या भिंती बांधून झाल्या तेव्हा गवंडी म्हणाला, की वैनी, हे बांधलंय का अर्धवट सोडलंय? मी त्याला आतून बाहेर, बाहेरून आत तीनदा चालायला लावलं. आळीतली एक गाय पहिल्याच दिवशी येऊन बराच वेळ त्या वळणाकडे बघत उभी राहिली आणि निघून गेली. त्या दिवशी मी तिला जास्वंदी माफ केल्या.

मग उद्घाटन ठरलं. मोठे पाहुणे बोलावले, सकाळी साडेआठची वेळ दिली. वळणाच्या तोंडाशी लाल फीत बांधली, ताटात कात्री ठेवली, हार आणले. आम्ही सगळे नवे कपडे घालून बागेच्या बाजूला उभे. साडेआठ वाजले, पावणेनऊ झाले. पाहुण्यांची गाडी वाटेत कुठेतरी अडकली होती. फोनवर फोन चालले होते.

तेवढ्यात ओढ्याच्या बाजूने ती आली. डोक्यावर टोपली, अंगावर रोजचंच लुगडं. तिला सरांनी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं होतं, पण ती समारंभाला आली नव्हती. बाजाराला निघाली होती. फितीपाशी येऊन थांबली.

“पाच मिनिटं थांबा हं मावशी,” कुणीतरी म्हणालं. “पाहुणे येतायत, फीत कापायचीय.”

“बाजार भरला,” ती म्हणाली. डोक्यावर ओझं असल्यामुळे तिला वाकता येत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. “वैनी, वर धर गो जरा.”

मी सरांकडे पाहिलं. सर सरळ पुढे आले. एका बाजूने त्यांनी फीत धरली, एका बाजूने मी, आणि आम्ही दोघांनी ती हात उंच करून टोपलीच्या वर उचलली. ती डावीकडे वळली, उजवीकडे वळली आणि बागेत आली. मला वाटलं झालं, आता खाली सोडावी. तर तिच्यामागे दुसरी होती, मोळी घेऊन. तिच्यामागे तिसरी. साकवावर रांग लागली होती. सगळी वाडीच बाजाराला निघालेली. कुणाच्या डोक्यावर कुवळ्याच्या रानभाजीच्या जुड्या, कुणाच्या खेकड्यांची मडकी. मी आणि सर हात वर करून उभे, खांदे भरून आलेले, आणि माझे डोळे वाहत होते ते पुसायला हात मोकळा नव्हता. काकांनी टाळ्या सुरू केल्या. रांगेतल्या बायका लाजून हसत होत्या, पण एकीनेही पाऊल अडखळू दिलं नाही. सगळ्यांच्या शेवटी जाऊ आली. तिच्या एका हातात काठी होती आणि डोक्यावर, इतक्या वर्षांनी, टोपली.

बागेच्या पुढच्या दाराशी गाडीचा हॉर्न वाजला. पाहुणे आले होते. कुणीतरी ओरडलं, की चला, फीत नीट करा, लवकर करा. ती तिथेच बाजूला थांबली होती, आपली माणसं मोजत. जाऊ आत आल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं.

“सोड आता, वैनी,” ती म्हणाली. “आमची समदी आली.”